रंग म्यानाचा, नाव तिचं

चामड्याचं काम म्हटलं की अजूनही नाकं मुरडली जातात. त्यातून बाईनं करायचं म्हणजे तर बोलायलाच नको! पण मैत्रिणींनो, कोल्हापुरी चपलेच्या वेण्या घालण्याचं, शिवण्याचं बरंचसं काम पिढ्यान् पिढ्या घरातल्या बायकाच करत आल्या आहेत. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, कौतुक झालं. वेणी घालणारीचं नाव मात्र कुणी विचारलं नाही.

आमच्या बचत गटातल्या सहा जणींनी चपलांऐवजी म्यानं करायला घेतली. सुरीची, विळ्याची, कोयत्याची. ऊसतोडीला निघालेल्या गाडीत चिंध्यांत गुंडाळलेले कोयते असतात आणि शेजारीच लेकरं झोपलेली असतात. ते पाहून जीव गलबलतो. म्हणून हा उद्योग.

रापी आणि आरी हातात बसायला वेळ लागतो, पण नवशिक्यांची खरी परीक्षा रंगात. चामडं बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं घ्यावं. पर्सचं मऊ चामडं बहुधा क्रोमवर कमावलेलं असतं. त्याची कापलेली कड कितीही घासा, गुळगुळीत होत नाही. ओलं करून म्यानाला आकार द्यायचा असेल, तर सुरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून तो आधी द्यावा, आणि सगळं खडखडीत वाळल्यावरच रंगाला हात लावावा. रंगही आधी तुकड्यावर लावून बघायचा. एकदम दाट थापला की डाग पडतात. पातळ हात, एकदा आडवा, एकदा उभा, मध्ये वाळू द्यायचं. मग कोरड्या फडक्यानं पुसत राहायचं, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. याचा कंटाळा येतो खरा, पण नाहीतर तो रंग गिऱ्हाइकाच्या कपड्यांना लागणार!

काळ्या रंगाची गंमत तर आपल्या स्वयंपाकघरातलीच. लोखंडी विळीवर आवळा चिरला की काळा पडतो ना? तसंच हे. व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस काही दिवस भिजवायचा आणि गाळलेलं पाणी चामड्यावर फिरवायचं. हिरड्या-बाभळीचा तुरटपणा लोखंडाला भेटतो आणि बघता बघता चामडं काळंभोर होतं. मात्र बाटलीचं झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. जवळ विस्तवही नको. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा हात फिरवला की आंबटपणा मरतो.

रंग वाळला की तेलाचं अगदी बोट, मग मधमाशीचं मेण. कडा पॉलिश पेपरनं घासून, किंचित ओलावून, गुळगुळीत लाकडानं चोळायच्या. आमच्यातली एक जण यात इतकी रमते, की तिची चहाची वेळ टळून जाते.

पहिली म्यानं विकली गेली तेव्हा एकीनं हळूच विचारलं, "ताई, पावतीवर ह्यांचं नाव घालायचं का?" मी म्हटलं, शिवलं कुणी? रंगवलं कुणी? तिचंच नाव घातलं. पैसेही तिच्याच खात्यात गेले.

घेणाऱ्यांना आम्ही दोन गोष्टी आवर्जून सांगतो. पातं पुसून, कोरडं करूनच म्यानात घाला. आणि काम संपून सुरी महिनोन् महिने ठेवायची असेल तर बाहेर ठेवा, कारण चामडं ओल धरतं आणि पातं गंजतं.