तो जखमी आहे की म्हातारा झालाय? क्लिप बघून ओळखता येतं का?

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू. प्रत्येक चालीत बॉल आधी त्याच्या हातात येतो आणि तो कुणाला फेकायचा हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. असा खेळाडू पस्तिशी ओलांडून गेला आणि त्याचे दोन-तीन पास आखूड पडले, की फॅन्सची चर्चा लगेच सुरू होते: याला काहीतरी झालंय, टीम लपवतेय. आपल्याकडे धोनीच्या गुडघ्यावरून २०२३च्या आयपीएलमध्ये जे चाललं होतं, तेच.

मी इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर हा उद्योग स्वतः केलाय. खेळाडू होता डेन्व्हर ब्रॉन्कोजचा पेटन मॅनिंग, वय ३९. त्याच्या पासच्या क्लिप डाउनलोड केल्या, फ्रेम मोजून बॉलचा वेग काढला, एक्सेलमध्ये ग्राफ टाकला आणि रूममेटला ठणकावून सांगितलं, 'याचा हात गेलाय.' पद्धत चुकीची होती आणि उत्तरही चुकीचं निघालं.

आधी पद्धत बघू. बॉल हातातून सुटला ती फ्रेम आणि समोरच्याच्या हातात पोचला ती फ्रेम, मधल्या फ्रेम मोजायच्या. समजा पास २० यार्डांचा, म्हणजे साधारण १८ मीटरचा आहे आणि बॉल ताशी ८० किलोमीटरने चाललाय. त्याला ०.८२ सेकंद लागतील. ३० एफपीएसच्या व्हिडिओत या झाल्या २४-२५ फ्रेम. आता बॉल नक्की कुठल्या फ्रेमला सुटला हे धूसर चित्रात कळत नाही. सुरुवातीला एक आणि शेवटी एक फ्रेम इकडेतिकडे झाली, तरी उत्तर ७४ ते ८७ यांच्यामध्ये कुठेही येतं. म्हणजे जो फरक शोधायचाय, त्यापेक्षा आपल्या मोजपट्टीचीच चूक मोठी.

त्यात ती क्लिप कुणीतरी स्क्रीन रेकॉर्ड केलेली, मग व्हॉट्सअॅपवरून फिरलेली. रेकॉर्ड करताना फ्रेम गळतात, काही दोनदा येतात. आणि स्लो मोशन रिप्लेवरून 'बॉल बघ कसा डगमगतोय' म्हणणाऱ्यांना काय सांगायचं! इतक्या हळू बघितलं तर चांगल्या पासमधलंही थोडंसं डुलणं दिसतं.

शून्य म्हणजे किती शून्य?

व्हिडिओ सोडा, आकडे तर खोटं बोलत नाहीत ना? १५ नोव्हेंबर २०१५, कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्धची मॅच. मॅनिंगने २० पैकी ५ पास पूर्ण केले, ३५ यार्ड, ४ इंटरसेप्शन. पासर रेटिंग ०.०. गंमत म्हणजे त्याच मॅचमध्ये त्याने ब्रेट फार्वचा ७१,८३८ पासिंग यार्डांचा विक्रम मोडला, आणि मग त्याला बाहेर बसवलं.

हे रेटिंग चार भागांचं बनतं: किती टक्के पास पूर्ण झाले, दर पासमागे किती यार्ड, किती टक्के टचडाउन, किती टक्के इंटरसेप्शन. प्रत्येक भाग ० ते २.३७५ यांच्यातच अडकवलेला असतो. कोडिंग करणाऱ्यांना clamp नव्हे तर 'क्लॅम्प' फंक्शन म्हटलं की लगेच कळेल. त्या दिवशी मॅनिंगचे चारही भाग तळाला टेकले. याउलट एखाद्याने प्रत्येक बॉल नुसता जमिनीवर आपटला, तर इंटरसेप्शन नाही म्हणून त्याला ३९.६ मिळतात! फॉर्म्युल्याला माणसाचा पाय दुखतोय हे माहीत नसतं. खेळ वाईट झाला एवढंच तो सांगतो, का झाला ते नाही.

आणि दुखत होता पायच. मॅनिंगच्या मानेवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या, त्यापायी २०११चा अख्खा सीझन गेला होता. म्हणून माझ्यासकट सगळ्यांचं लक्ष हाताकडे. पण त्या मॅचनंतर समोर आलं ते डाव्या तळपायातलं दुखणं, प्लांटर फॅशियाला झालेली इजा. उजव्या हाताने फेकणारा माणूस डावा पाय पुढे रोवून त्यावर वजन टाकतो. तो पाय नीट रोवला नाही तर जोर कमरेतून वर येतच नाही, आणि टीव्हीवर दिसतं ते 'हातात दम नाही' असं.

चार मॅचचा घोळ

त्याच्या आदल्या वर्षाचं उदाहरण मला जास्त आवडतं. २०१४च्या पहिल्या १२ मॅचमध्ये मॅनिंगचे ३६ टचडाउन पास आणि ९ इंटरसेप्शन. शेवटच्या चारांत ३ आणि ६. पुढे जानेवारीत टीम प्लेऑफमधून बाहेर पडली आणि बातमी आली की त्याच्या उजव्या मांडीचा स्नायू फाटला होता, तो तसाच खेळत होता. झालं, चार मॅचचं कोडं सुटलं!

पण तारखा लावून बघा. मांडीला मार बसला १४ डिसेंबरला, सॅन डिएगोमध्ये. चारांतली पहिली मॅच, बफेलोविरुद्धची, ७ डिसेंबरची. तिच्यात एकही टचडाउन पास नाही, सलग ५१ मॅचची त्याची मालिका तिथेच तुटली, आणि मांडी तेव्हा धडधाकट होती. शिवाय ती मॅच डेन्व्हरने बॉल घेऊन पळत जिंकली, फेकायची फारशी गरजच पडली नाही. म्हणजे 'घसरण' म्हणून आपण जी खिडकी आखली, तिच्यात जखम, डावपेच आणि वय हे तिन्ही मिसळलंय. चार मॅचच्या डेटावरून ते वेगळं करता येत नाही. कुठल्याच मॉडेलने नाही.

मग चिप्स असतात ना, असं कुणीतरी म्हणेल. असतात. एनएफएलमध्ये खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्ये आरएफआयडी टॅग असतात, सेकंदाला साधारण १० वेळा जागा कळवतात. २०१७पासून बॉलमध्येही चिप आहे, त्यामुळे माझ्यासारखं फ्रेम मोजत बसायला नको. पण टॅग सांगतो खांदा कुठे आहे आणि किती वेगाने चाललाय. आज हळू पळतोय ते दुखतंय म्हणून, की गरज नाही म्हणून, हे त्यात येत नाही.

खरं काही हवं असेल तर लीगचा इंजुरी रिपोर्ट वाचा. कुणी पूर्ण सराव केला, कुणी थोडाच, कुणी अजिबात नाही, हे टीमला मॅचच्या आधीच्या दिवसांत जाहीर करावं लागतं. कारण यावर पैसे लागतात. आतली बातमी एखाद्यालाच आधी कळली तर तो सट्ट्यात इतरांना लुटेल. तरी तिथेही पळवाटा निघतात. २०१६पर्यंत 'प्रोबेबल' नावाचा एक शेरा होता, तो इतका सर्रास वापरला जायचा की शेवटी लीगने काढूनच टाकला.

माझ्या एक्सेल शीटवर मी मॅनिंगला नोव्हेंबरमध्येच निवृत्त करून टाकलं होतं. ७ फेब्रुवारी २०१६ला तो सुपर बोल ५० खेळला: २३ पैकी १३ पास, १४१ यार्ड, एकही टचडाउन पास नाही, १ इंटरसेप्शन. रेटिंग काढलं तर ५६.६. डेन्व्हर २४-१० जिंकलं, मुख्यतः बचावफळीच्या जोरावर. रूममेटने स्कोअरचा स्क्रीनशॉट पाठवला, खाली फक्त लिहिलं होतं, 'फ्रेम मोजल्या का?'