हृदय, फुप्फुस आणि बालरुग्णाची शुश्रूषा

एकच अभिसरण

हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांत जाते, तेथे प्राणवायू घेते आणि डाव्या बाजूला परत येऊन शरीरभर पसरते. त्यामुळे हृदयातील दोष लहान मुलांत बहुधा श्वासातूनच प्रकट होतो. खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असेल, तर डावीकडचे रक्त उजवीकडे वळते, फुप्फुसांवर जादा रक्ताचा भार पडतो आणि अशा बाळाला वारंवार न्यूमोनिया होतो. दर हजार जन्मांमागे सुमारे ८ ते ९ बाळांत जन्मजात हृदयदोष आढळतो. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘वायसीएम’मध्ये, किंवा चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात धाप लागलेले मूल येते तेव्हा मूळ दुखणे कोठे आहे हे लगेच कळत नाही. ते उलगडण्यात परिचारिकेच्या निरीक्षणाचा मोठा वाटा असतो.

श्वासांची मोजणी

मूल शांत असताना, अंगावरचे कपडे वर करून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६०, दोन ते बारा महिन्यांत ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास ही धोक्याची खूण होय. घरची माणसे जिला ‘पोट उडते’ म्हणतात ती, श्वासागणिक बरगड्यांखालची जागा आत ओढली जाण्याची खूण, याहून गंभीर. ही मोजणी रुग्णालयाबाहेरही करता येते, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवले. प्रशिक्षित ग्रामस्थांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिल्याने बालमृत्यू घटल्याचे त्यांचे संशोधन १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

दूध पिणे ही परीक्षा

तान्ह्या बाळासाठी दूध ओढणे हाच सर्वांत मोठा व्यायाम असतो, म्हणून हृदयाची दुर्बलता तेथे उघडी पडते. बाळ थोडे पिऊन थांबते, धापते, कपाळावर घाम येतो, दमून झोपते आणि लगेच भुकेने उठते. सर्दीने नाक चोंदलेले बाळही पिताना अडखळते; पण मिठाच्या पाण्याचे थेंब घालून नाक मोकळे केल्यावर ते नीट पिऊ लागते. हृदयरोगी बाळाच्या बाबतीत तसे होत नाही. त्याला डोके उंचावर ठेवून दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे पाजतात. अर्ध्या तासापलीकडे ओढाताण करण्याऐवजी उरलेले दूध नळीने देतात.

याला जोडूनच वजन येते. बालरोग विभागातील सर्वांत उपेक्षित साधन वजनकाटा असावा. रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर, कपड्यांविना घेतलेले वजन एका दिवसात बरेच वाढले, तर ते बाळसे नसून अंगात साठलेले पाणी असते. वाढलेल्या आकड्याने आईला आनंद होतो. तो आकडा चिंतेचा का आहे, हे तिला तेव्हाच समजावून सांगावे लागते. हृदयाला बळ देणारे डिगॉक्सिन हे औषध देण्यापूर्वी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिट ठोके मोजतात. तान्ह्या बाळात ते ठरवून दिलेल्या मर्यादेखाली, साधारण ९० ते ११०च्या खाली, असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवतात. बाळाने औषध उलटून टाकले तरी डोस पुन्हा देत नाहीत.

प्राणवायूचे प्रमाण

न्यूमोनियात प्राणवायू जीव वाचवतो. पडद्याला मोठे छिद्र असलेल्या बाळात मात्र तो फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या सैलावतो, तिकडे आणखी रक्त वळते आणि धाप वाढू शकते. म्हणून प्राणवायूही इतर औषधांप्रमाणे मोजून द्यायचा असतो. पल्स ऑक्सिमीटरच्या वाचनालाही मर्यादा आहेत. हातपाय गार असतील किंवा मूल हालत असेल तर आकडा फसवा येतो. केवळ नजरेवर विसंबणेही धोक्याचे, कारण रक्तक्षय असलेले मूल प्राणवायू कमी असूनही निळे दिसत नाही.

निळे झटके

टेट्रालॉजी ऑफ फॅलो या दोषात फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते. रडणे, शौचाला जोर करणे यांसारख्या कारणाने ती आणखी आवळते आणि मूल एकाएकी निळे पडते. अशा वेळी त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरतात. पायांच्या रक्तवाहिन्यांवर दाब आल्याने शरीराकडच्या प्रवाहाला विरोध वाढतो आणि रक्त फुप्फुसांकडे ढकलले जाते. मोठी मुले खेळता खेळता आपसूक उकिडवी बसतात, तेही याच कारणाने. मुलाला आईजवळ शांत ठेवणे हा येथे उपचाराचाच भाग आहे. अनावश्यक सुई टोचणे टाळावे.

सांधेताप आणि पेनिसिलिन

दाटीवाटीच्या घरांत घशाचा स्ट्रेप्टोकोकस संसर्ग सहज पसरतो. त्यानंतर काही मुलांना सांधेताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. प्रतिबंधाचे मुख्य औषध पेनिसिलिन. भारतात त्याच्या उत्पादनाचे आद्य केंद्र पिंपरीच. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्याने ते १९५५ पासून बनवले. सांधेताप येऊन गेलेल्या मुलाला दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन ते चार आठवड्यांनी, अनेक वर्षे घ्यावे लागते. सुई दुखते, मूल वरून धडधाकट दिसते, म्हणून तारखा चुकतात.

पाळी आणि गाव

चाकण परिसरातील महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी येथील भाड्याच्या खोल्यांतून राहणारी अनेक कुटुंबे सणासुदीला किंवा काम सुटल्यावर गावी जातात. त्यामुळे निदान, डोस आणि पुढची तारीख लिहिलेले कार्ड मुलासोबत असणे आवश्यक ठरते. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा तपासणी करतात. संशयित हृदयदोषाची मुले त्यांच्यामार्फत पुढे पाठवली जातात. दोन तपासण्यांमधला काळ मात्र घरच्यांच्या नजरेवरच जातो. आई-वडील कंपनीत वेगवेगळ्या पाळ्यांत असतील, तर घरी सोडतानाच्या सूचना एकालाच देऊन भागत नाही. रात्री मूल ज्याच्याजवळ झोपते, ती आजी असो वा मोठी बहीण, तिच्याकडून श्वास मोजून घ्यावा आणि श्वासातून घ्यायच्या औषधाचा पंप दिला असेल, तर तो स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून देण्याची कृती एकदा करून घ्यावी.