झूम २०००चा, लेन्स ३५७ची

हिवाळ्यात भिगवणला फ्लेमिंगो बघायला होडीत बसलं की एक वाद हमखास रंगतो. एकाच्या गळ्यात निकॉनचा पी९००, म्हणजे छोट्या सेन्सरचा, २०१५ साली आलेला कॅमेरा. शेजाऱ्याच्या मांडीवर एसएलआर आणि तिला लावलेली ६०० मिलिमीटरची अवजड लेन्स. "माझा झूम २०००चा!" असं पहिला म्हणतो आणि दुसरा उगाचच ओशाळतो.

पी९००च्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ जास्तीत जास्त ३५७ मिलिमीटर आहे. २००० हा आकडा ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबातला. या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरचा, तर फुल फ्रेमचा, म्हणजे त्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा, ३६ × २४. एवढासा सेन्सर दृश्याचा अगदी छोटा तुकडा टिपतो, म्हणून पक्षी जवळ आल्यासारखा दिसतो. यात फसवणूक काही नाही. पूर्ण झूमला चंद्र खरोखरच चौकटीची जवळपास पाऊण उंची व्यापतो.

पण पक्षी मोठा दिसणं वेगळं आणि त्याच्याकडून भरपूर प्रकाश मिळणं वेगळं. ३५७ला एफ/६.५ म्हणजे प्रकाश आत येण्याचं तोंड जेमतेम ५५ मिलिमीटरचं. ६०० एफ/४ लेन्सचं ते १५० मिलिमीटर असतं. त्याच फ्लेमिंगोकडून, तेवढ्याच वेळात, सातपटींहून जास्त प्रकाश तिथे आत येतो. अशी मोठी लेन्स तीन किलोंच्या वर भरते आणि पी९०० अख्खा ९०० ग्रॅमचा, हेही सांगायला हवं. मान आणि पाठ ज्याची त्याची!

"मेगापिक्सेल जास्त तो कॅमेरा चांगला" हा समज तर दुकानदारांनीच जोपासलाय. पी९०० १६ मेगापिक्सेलचा. २००८ सालची फुल फ्रेम निकॉन डी७०० फक्त १२ची. तरी संध्याकाळी डी७००चा फोटो सरस येतो, कारण तिचा एकेक पिक्सेल साडेआठ मायक्रॉनच्या आसपास आहे, तर पी९००चा सव्वा-दीडच्या दरम्यान. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर जास्त प्रकाश पडत नाही. आहे तोच तोकडा संकेत मोठा केला जातो आणि त्यासोबत दाणेही. मग कॅमेरा ते दाणे पुसायला जातो आणि बगळ्याची पिसं मेणाची केल्यासारखी गुळगुळीत होतात. पी९०० रॉ फाइल देत नाही, त्यामुळे ही पुसापुशी नंतर उलटवताही येत नाही. उलट, लख्ख उन्हात काढून मोबाइलवर पाहायच्या फोटोत हा फरक शोधूनही सापडणं कठीण.

मागचं दृश्य धूसर होत नाही, हा छोट्या सेन्सरचा दोष मानला जातो. पोर्ट्रेट काढणाऱ्यासाठी तो आहेही. पी९००वर एफ/२.८ ठेवलं की एक्स्पोजर एफ/२.८चंच मिळतं, पण फोकसमध्ये राहणारी खोली फुल फ्रेमच्या सुमारे एफ/१६एवढी असते. आता कासच्या पठारावर जा. सीतेची आसवं किंवा दवबिंदू ही फुलं बोटाच्या पेराएवढीही नसतात. एसएलआरवाला तिथे एफ/१६ला जातो, प्रकाश कमी पडतो, शटर मंदावतो आणि वाऱ्याची झुळूक आली की फोटो हलतो. छोट्या कॅमेऱ्यात सगळं फूल कॅमेरा हातात धरूनच स्पष्ट येतं. अशा वेळी मी तरी छोटाच कॅमेरा उचलीन.

मात्र "अपर्चर बारीक केलं की फोटो तीक्ष्ण" हा एसएलआरवाल्यांचा सल्ला इथे उलटतो. एफ/८ला प्रकाशाचा बिंदू पसरून सुमारे ११ मायक्रॉनची चकती होते. छोट्या सेन्सरवर ती आठेक पिक्सेल रुंद भरते.

सेन्सरबद्दलचे आणखी दोन गैरसमज. "एक इंची सेन्सर" एक इंचाचा नसतो, तो १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या नळीच्या काचेच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलंय. आणि जुने छोटे कॅमेरे बटण दाबल्यावर रेंगाळत, त्याचा दोषही सेन्सरच्या आकाराचा नव्हता. लेन्स पुढे-मागे करून ते फोकस शोधत बसत. एसएलआरमध्ये आरशामागून येणाऱ्या प्रकाशावर स्वतंत्र यंत्रणा ते काम झटक्यात करते.

कॅमेरा निवडायला गेलात तर दुकानाबाहेरच्या उन्हात फोटो काढून बघू नका. आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, आयएसओ १६०० ठेवून, सोबत आलेल्याच्या केसांचा काढा आणि स्क्रीनवर पूर्ण मोठा करून एकेक केस वेगळा दिसतो का ते पाहा.