शून्याची नोंद

"सुट्टीत लोक महाबळेश्वरला जातात, तू वाळवंटात कशाला निघालास?" आईचा प्रश्न रास्त होता. मी भूगोलाचा विद्यार्थी. घर नगर जिल्ह्यातल्या अवर्षणग्रस्त भागात. कोरडी जमीन मला काय नवीन? पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या परिस्थितिविज्ञानाच्या प्रशिक्षणाला मे महिन्यात जोधपूरला गेलो, तो याच तोऱ्यात.

काम ऐकायला अगदी सोपे होते. पहाटे पाचला निघायचे, ऊन चढण्यापूर्वी परतायचे. खेजडीच्या बुंध्यापासून उघड्या माळापर्यंत दोरी ताणायची, ठरावीक अंतरावर एक मीटर लांब-रुंद लाकडी चौकट टाकायची आणि आतली रोपे मोजून वहीत लिहायची.

खेजडी म्हणजे आपली शमी, ग्रामीण भागातली सौंदड. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो, पण तिचे खरे मोल मला मारवाडात कळले. ऐन उन्हाळ्यात तिला नवी पालवी फुटते, कारण तिची मुळे खोलवरची ओल शोधतात. मुळांवरच्या गाठींतील जीवाणू हवेतला नत्र जमिनीला देतात आणि गळलेल्या पानांचे खत होते. म्हणून शेतकरी बाजरीच्या शेतातही हे झाड राखतात. शेंगांची भाजी होते, पाला जनावरांना मिळतो. याच झाडांसाठी १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावी अमृतादेवींसह ३६३ बिष्णोईंनी प्राण दिले, असे तिथे अभिमानाने सांगतात.

माझ्या वहीत मात्र रोज शून्येच उमटत होती. झाडाखाली चार-दोन काड्या, पण उघड्यावर शून्य, शून्य आणि शून्य. दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी डोके तापले. शेवटच्या चार चौकटी न टाकताच मी चार शून्ये लिहून मोकळा झालो. तिथे दुसरे असणार तरी काय?

संध्याकाळी मार्गदर्शक बाईंनी वही चाळली. त्या रागावल्या नाहीत. एवढेच विचारले, "तिसऱ्या चौकटीतली वाळू भरड होती की बारीक? मुंग्यांचे वारूळ होते का?" माझी मान खाली गेली.

मग त्यांनी शून्याचा अर्थ समजावला. वाळवंटातली कित्येक रोपे वर्षाचा बराच काळ केवळ बीजरूपाने मातीत असतात. पाऊस पडला की उगवतात, फुलतात आणि बी टाकून संपतात. मेमधले शून्य खरे नसेल, तर पावसाळ्यानंतरच्या आकड्याला किंमत उरत नाही. त्यांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनाचे उदाहरण दिले. तिथे पोर्टल गावाजवळ जेम्स ब्राउन यांनी १९७७ साली वाळवंटात २४ कुंपणबंद तुकडे आखले. काही तुकड्यांतून कांगारू उंदीर वगळले. सुमारे बारा वर्षांनी त्या झुडपाळ जमिनीवर गवत माजलेले दिसले. बी खाणारा, माती उकरणारा एवढासा उंदीर भूमीचे रूप ठरवतो, हे कळले ते वर्षानुवर्षे नेमाने मोजणाऱ्यांमुळे. मधल्या काळात कोणी कंटाळून अंदाजाने आकडे भरले असते तर?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटाच त्या चार जागी गेलो. तीन चौकटींत खरोखरच शून्य होते. चौथीत बोटभर उंचीचे खेजडीचे रोप होते. शेळ्यांनी शेंडा खुडलेला, पण बुडाशी दोन हिरवी पाने. काल मी ते कागदावर मारून टाकले होते. जुनी नोंद खोडली, ती वाचता येईल अशीच ठेवली आणि शेजारी लिहिले: एक.

गावी परतल्यावर आमच्या पडीक रानाकडे पाहून शेजारचे काका नेहमीप्रमाणे म्हणाले, "तिथे काही नाही." पूर्वी मीही मान डोलावली असती. आता घरच्या जुन्या खाटेच्या पट्ट्यांची चौकट केली आहे. मित्रहो, तिथे काय आहे ते मी अजून सांगत नाही. मोजणी चालू आहे.