‘सिएरा’ परत आली. पण जुनी ती ही नव्हे

मलकापूरच्या बाजारपेठेत नवी ‘सिएरा’ उभी दिसली आणि पाहता पाहता तिच्याभोवती माणसे जमली. जमलेल्यांत दोन तट पडले. पस्तिशीच्या आतल्यांना ती केवळ एक नवी, रुबाबदार गाडी वाटत होती. ज्यांनी जुनी ‘सिएरा’ आंबा घाटात चढताना पाहिली होती, ते मात्र थेट मागच्या काचेकडे गेले.

त्याला कारणही तसेच आहे. 1991 साली टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पुण्यातून ‘सिएरा’ बाजारात आणली. मूळ सांगाडा टाटामोबाईल या पिकअपचा, इंजिन दोन लिटरचे डिझेल. बाजूला दोनच दरवाजे, मागे बसायचे तर पुढची सीट वाकवून आत शिरायचे. आणि मागच्या बाजूला छतापर्यंत वळलेली एक सलग मोठी काच. ती उघडत नसे. उन्हाळ्यात वातानुकूलन बंद पडले की मागच्या माणसाची भट्टीच! म्हणून ती फारशी खपली नाही, पण ती काच लोकांच्या ध्यानात राहिली.

25 नोव्हेंबर 2025 रोजी हेच नाव नव्या गाडीवर आले. काचेचा तो देखावा काळ्या चकचकीत पट्ट्याने साधला आहे. दरवाजे मात्र बाजूला चार आणि मागे एक, आणि काचा उघडतात. बायकामुलांना घेऊन रत्नागिरीला जाणाऱ्याला हे पसंत पडेल. जुन्या शौकिनाला कदाचित पडणार नाही. अमेरिकेत डॉज कंपनीने हेच केले होते. 1966 साली निघालेली त्यांची ‘चार्जर’ दोन दरवाजांची, दांडग्या इंजिनाची गाडी होती. 2006 च्या मॉडेलला तेच नाव देऊन चार दरवाजांची सेडान काढली. जुन्या शौकिनांनी नाके मुरडली, तरी गाडी खपली आणि तिकडच्या पोलिसांनीही ती घेतली. (डॉज हे नाव आपल्याकडेही परके नाही. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉजचे ट्रक निघत.)

आता गाडीविषयी. दिवे बारीक पट्टीसारखे, दाराच्या कड्या पत्र्यात बुजवलेल्या. शाहूवाडीच्या पावसात, चिखलाच्या हाताने ही कडी बाहेर काढणे कितपत जमेल, हे पहिला पावसाळा सांगेल. आत वरच्या प्रकारांत तीन पडदे आहेत. प्रस्तुत लेखकाला त्यांचे फारसे कौतुक वाटले नाही; डिकीचे मात्र वाटले. 622 लिटरची जागा म्हणजे कापडाचे गठ्ठे किंवा चपलांची खोकी बऱ्यापैकी मावतील. सहा एअरबॅगा सर्वच प्रकारांत आहेत, ही खरी जमेची बाजू.

इंजिने तीन, सर्व दीड लिटरची: साधे पेट्रोल, टर्बो पेट्रोल आणि डिझेल. येथे व्यापाऱ्याने घाई करू नये. 2020 पासूनच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. गाडी लांब पल्ल्यावर तापली की ती काजळी जळून जाते. दुकान ते घर, घर ते मशीद, एवढ्याच फेऱ्या असतील तर जाळी तुंबते आणि ती साफ करून घेण्याचा खर्च बोचतो. आठवड्यातून दोनदा घाट उतरणाऱ्याने डिझेल घ्यावे, बाकीच्यांनी साधे पेट्रोल पाहावे.

किमतीचा मुद्दा याहून मोठा आहे. सुरुवातीची जाहीर किंमत 11 लाख 49 हजार होती. रोड टॅक्स आणि विमा वेगळे. गाडी चार मीटरपेक्षा लांब असल्याने 22 सप्टेंबर 2025 पासूनच्या दरांनुसार तिच्यावर 40 टक्के जीएसटी बसतो. म्हणजे त्या किमतीत सुमारे 3 लाख 28 हजार कराचेच झाले. “फर्मच्या नावावर घेतो, कर वळता होईल,” असे पुष्कळ बंधू म्हणतात. तो होत नाही. गाड्यांचा विक्रेता, प्रवासी वाहतूकदार आणि ड्रायव्हिंग स्कूल सोडले तर अशा मोटारीवरचा जीएसटी वळता करून घेता येत नाही. मालवाहू पिकअपचा मात्र येतो. आयकरात मोटारीची वर्षाला 15 टक्के घसारा-वजावट मिळते, पण हिशेबाच्या वह्या ठेवणाऱ्यालाच. अंदाजी उत्पन्नाच्या योजनेत विवरण भरणाऱ्याला ती वेगळी मिळत नाही. तेव्हा माल वाहायचा आहे की माणसे, हे आधी ठरवावे.

राहिला आपल्या कारागिरांचा प्रश्न. जुनी ‘सिएरा’ बिघडली तर पिकअपवर हात बसलेला कोणताही मिस्त्री ती उघडत असे. नवीचे तसे नाही. वरच्या प्रकारांत रस्त्यावर नजर ठेवणारा कॅमेरा काचेमागे आहे. अशा गाडीची पुढची काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो, नाही तर गाडी भलत्याच वेळी ब्रेक लावू शकते. बंपर ठोकून, पुट्टी भरून रंगवणाऱ्या डेंटरला आतल्या सेन्सरचीही माहिती हवी. एका गॅरेजवाल्याने नव्या पद्धतीच्या दुसऱ्या एका गाडीचा बंपर जाड रंगवला. सेन्सर आंधळा झाला आणि मजुरी गिऱ्हाइकाला परत द्यावी लागली.

तपासणीचे यंत्र तीन-चार गॅरेजवाल्यांनी मिळून घेतले तर परवडते. मुलगा हाताखाली शिकतच असेल तर त्याला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गालाही घालावे. पाना धरणे त्याला वडिलांकडून येईलच, वायरिंगचा नकाशा वाचणे तिथे येईल. कुशनवाल्यांचे काम मात्र तूर्त तरी शाबूत आहे. फक्त ज्या सीटच्या कुशीत एअरबॅग असते, तिच्यावर घट्ट कव्हर शिवू नये. शिवायचेच तर त्या बाजूची शिवण उसवेल अशी ठेवावी.