पाठ्यसामग्रीची सुवाह्यता

पाठ्यसामग्रीची सुवाह्यता : महाजालावरून शिकविण्यासाठी तयार केलेले पाठ, प्रश्नसंच, चित्रफिती आणि त्यांचा अनुक्रम एका अध्ययन व्यवस्थापन प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत, पुन्हा नव्याने रचना न करता, नेता येणे या गुणास सुवाह्यता म्हणतात. अध्ययन व्यवस्थापन प्रणाली म्हणजे विद्यार्थ्यांची नोंदणी, पाठांचे वितरण, चाचण्या, गुणनोंद आणि शिक्षक-विद्यार्थी संवाद ही कामे एकत्रितपणे पार पाडणारी संगणकीय व्यवस्था होय. मूडल, कॅनव्हास, ब्लॅकबोर्ड व ओपन ईडीएक्स या प्रणाली अनेक देशांत वापरात आहेत. महाराष्ट्रात पुण्याच्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड या संस्थेने (स्थापना २००१) आपल्या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमासाठी 'एरा' ही स्वतंत्र प्रणाली विकसित केली. विद्यार्थ्याने मिळविलेली श्रेयांके एका विद्यापीठातून दुसऱ्यात नेणे ही बाब यापेक्षा वेगळी आहे. येथे विचार केवळ शिकविण्याच्या सामग्रीचा आहे.

आवश्यकता : छापील पुस्तक कोणत्याही वर्गात उघडता येते, ते वाचण्यासाठी विशिष्ट इमारत लागत नाही. संगणकीय पाठ मात्र ज्या प्रणालीत रचला जातो, तिच्या साठवणपद्धतीशी बांधला जातो. करार संपणे, खर्च वाढणे, कंपनी बंद पडणे किंवा अधिक सोयीची प्रणाली उपलब्ध होणे यांमुळे संस्थांना प्रणाली बदलाव्या लागतात. अशा वेळी सामग्री सुवाह्य नसेल, तर शिक्षकांनी अनेक वर्षे खपून तयार केलेले पाठ जुन्या प्रणालीतच अडकून पडतात अथवा एकेक पान नव्याने उतरवून घ्यावे लागते. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठाचे (उद्‌घाटन ९ जुलै २०१७) उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याची पहिली रचना मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने झाली होती. पुढे मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील एनपीटीईएल या प्रकल्पाने गूगल आणि पुण्याची पर्सिस्टंट सिस्टिम्स यांच्या साहाय्याने नवी प्रणाली उभारली. राष्ट्रीय व्यासपीठालाही प्रणाली बदलावी लागते, तेथे लहान महाविद्यालयांची स्थिती वेगळी असू शकत नाही.

इतिहास : इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये सुरू झालेल्या 'प्लेटो' या संगणकीय अध्यापन-व्यवस्थेतील पाठ पुढे 'ट्यूटर' या खास भाषेत लिहिले जात. ते अन्य यंत्रांवर चालत नसत. सुवाह्यतेची निकड प्रथम विमान-उद्योगास भासली. कारण निरनिराळ्या उत्पादकांची प्रशिक्षण-सामग्री एकाच विमान कंपनीला वापरावी लागे. या उद्योगाने १९८८ मध्ये संगणकीय प्रशिक्षणाविषयी एक समिती (एआयसीसी) नेमली आणि तिने समान नियम तयार केले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९७ मध्ये याच उद्देशाने एक उपक्रम हाती घेतला. त्यातून 'स्कॉर्म' हे मानक निर्माण झाले. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली व ती सर्वाधिक रूढ झाली. आयएमएस या संघटनेने (२०२२ पासून वनएडटेक) २००८ मध्ये 'कॉमन कार्ट्रिज' हे दुसरे महत्त्वाचे मानक प्रसिद्ध केले.

रचना व कार्य : सुवाह्य सामग्रीचे गाठोडे म्हणजे झिप पद्धतीने दाबून एकत्र केलेल्या संचिकांचा संच असतो. स्कॉर्मच्या गाठोड्यात पाठाच्या संचिकांबरोबर एक सूचिपत्र असते व ते एक्सएमएल या खुणांच्या भाषेत लिहिलेले असते. सूचिपत्राच्या एका भागात पाठांचा अनुक्रम आणि दुसऱ्या भागात प्रत्येक पाठाला लागणाऱ्या संचिकांची यादी असते. नवी प्रणाली प्रथम हे सूचिपत्र वाचते आणि त्यानुसार पाठांची मांडणी करते.

केवळ गाठोडे उघडून भागत नाही. पाठ आणि प्रणाली यांच्यात संवाद व्हावा लागतो. स्कॉर्ममध्ये पाठ सुरू होताच तो प्रणालीला आपण सुरू झाल्याचे कळवितो, विद्यार्थी कोठवर आला आहे व त्याला किती गुण मिळाले हे ठरावीक नावांच्या रकान्यांत नोंदवितो आणि शेवटी संवाद बंद करतो. रकान्यांची नावे मानकाने ठरविलेली असल्याने पाठकर्त्याला प्रणालीची अंतर्गत रचना माहीत असण्याची गरज राहत नाही. या रकान्यांना मर्यादाही आहेत. उदा., अर्धवट सोडलेल्या पाठाची स्थिती साठविण्यासाठी १.२ या आवृत्तीत ४,०९६ अक्षरचिन्हांपुरतीच जागा आहे. लांबलचक पाठात ती अपुरी पडते आणि विद्यार्थी पुन्हा आला असता पूर्वीचे काम नाहीसे झालेले आढळते. नंतरच्या आवृत्त्यांत ही मर्यादा ६४,००० पर्यंत वाढविण्यात आली.

कॉमन कार्ट्रिजमध्ये पाठांबरोबर प्रश्नसंच, चर्चेचे विषय आणि बाह्य दुवे नेता येतात. 'एलटीआय' या मानकाची दिशा निराळी आहे : त्यात सामग्री हलवीत नाहीत, ती मूळ ठिकाणीच राहते आणि कोणत्याही प्रणालीतून सुरक्षितपणे उघडता येते. २०१३ मध्ये पूर्णत्वास आलेल्या 'एक्सएपीआय' या मानकात विद्यार्थ्याच्या अनुभवाची नोंद कर्ता, क्रिया व कर्म अशा वाक्यरूपाने स्वतंत्र भांडारात ठेवली जाते.

मर्यादा : सुवाह्य गाठोड्यातून सामान्यतः सामग्री जाते, विद्यार्थ्यांनी सादर केलेले स्वाध्याय, चर्चेतील उत्तरे आणि 'आधीचा पाठ पुरा झाल्याविना पुढचा उघडू नये' यासारखे प्रणालीतील नियम बहुधा मागे राहतात. मूडल (पहिली आवृत्ती २००२) या मुक्त प्रणालीच्या स्वतःच्या राखीव प्रतीत या सर्व गोष्टी सामावतात. परंतु ती प्रत पूर्णपणे मूडललाच वाचता येते. म्हणजेच सोबत जितके अधिक न्यावे, तितकी उतरण्याची ठिकाणे कमी होतात.

गाठोडे शाबूत राहिले, तरी आतील वस्तू निकामी होऊ शकते. २००० नंतरच्या दशकात पुष्कळ पाठ 'फ्लॅश' या तंत्राने हलत्या चित्रांच्या रूपात तयार करण्यात आले. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने त्याचा आधार काढून घेतला. अशा पाठांची सूचिपत्रे आजही वाचता येतात. परंतु पाठ उघडत नाहीत. यास्तव सामग्री शक्यतो एखाद्या कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या, खुल्या मानकांच्या स्वरूपात ठेवणे इष्ट ठरते.

मराठी सामग्रीचा विशेष प्रश्न : मराठी पाठांच्या बाबतीत लिपीचा प्रश्न यात भर घालतो. १९९० नंतरच्या दशकात मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती इ. निरनिराळ्या टंकसंचांच्या साहाय्याने लिहिला जात असे. एकाच सांकेतिक क्रमांकाला प्रत्येक टंकसंचात वेगळे अक्षर दिलेले असल्याने तो टंकसंच नसलेल्या संगणकावर मराठी वाक्याच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक समूह दिसे. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये 'इस्की' ही समान संकेतपद्धती स्वीकारली. 'युनिकोड' या जागतिक पद्धतीतील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ मधील आराखड्यावर आधारलेली आहे. युनिकोडच्या प्रसारामुळे हा प्रश्न बराचसा सुटला असला, तरी जुन्या टंकसंचांतील सामग्री रूपांतरित केल्याखेरीज सुवाह्य होत नाही.

युनिकोडमध्येही एक सूक्ष्म अडचण उरते. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात त्यासाठी स्वतंत्र 'ऱ' वापरतात, तर दुसऱ्यात साध्या 'र' नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मात्र काही प्रणाली स्थलांतराच्या वेळी अदृश्य चिन्हे गाळून टाकतात. तसे झाल्यास दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या 'दऱ्या' चा 'दर्या' होतो. भूगोलाच्या पाठात सह्याद्रीच्या दऱ्यांऐवजी समुद्र अवतरतो आणि रिकाम्या जागा भरण्याच्या चाचणीत अचूक उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला शून्य गुण मिळतात. म्हणून मराठी प्रश्नसंच नेण्यापूर्वी सर्व अक्षरे एकाच प्रकारे लिहून घेणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील वापर : ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेले 'दीक्षा' हे शालेय शिक्षणाचे व्यासपीठ एकस्टेप प्रतिष्ठानाच्या 'सनबर्ड' या मुक्त प्रणालीवर उभारलेले आहे. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाच्या (बालभारती) पाठ्यपुस्तकांत छापलेल्या क्यूआर संकेतांद्वारे दीक्षावरील सामग्री उघडता येते. अशा संकेतासोबत सहा चिन्हांची एक खूण असते. तिच्यात पाठ नसतो, तर पाठाकडे नेणारा निर्देश असतो. यामुळे मागील चित्रफीत बदलली, तरी छापलेले पुस्तक बदलावे लागत नाही. मात्र हा निर्देश कायम राखण्याची जबाबदारी व्यासपीठ चालविणाऱ्यांवर राहते. तो तुटल्यास हजारो प्रतींतील संकेत एकाच वेळी निरुपयोगी होतात.

दीक्षावरील पाठ 'ईकार' या प्रकारच्या एकसंध संचिकेत बांधून एका भ्रमणध्वनीवरून दुसऱ्यावर देता येतो. त्यासाठी त्या क्षणी महाजालाची जोडणी लागत नाही. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील कवठे येमाईसारख्या गावात एखाद्या शिक्षकाने तालुक्याच्या ठिकाणी उतरवून घेतलेला पाठ, गावात जोडणी क्षीण असतानाही, वर्गातील मुलांपर्यंत पोहोचू शकतो तो या गुणामुळे. येथे सुवाह्यतेचा अर्थ दोन प्रणालींमधील देवघेवीपुरता राहत नाही. जोडणी असलेल्या व नसलेल्या विद्यार्थ्यांमधील अंतर कमी करण्याचे ते एक साधन ठरते.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पात निवेदनाची संहिता चित्रफितीपासून वेगळी, वेळांच्या नोंदीसह ठेवतात. त्यामुळे चित्र तेच ठेवून मराठीसह अन्य भारतीय भाषांत निवेदन करता येते. सामग्रीचे घटक सुटे ठेवल्यास ती प्रणालींप्रमाणेच भाषांच्या सीमाही ओलांडते, हे यावरून दिसून येते.

हक्क व दक्षता : तांत्रिकदृष्ट्या सुवाह्य असलेली सामग्री कायद्याने हलविता येईलच असे नाही. पाठाचे स्वामित्व शिक्षकाचे, संस्थेचे की प्रणाली पुरविणाऱ्या कंपनीचे, हे करारात स्पष्ट असावे लागते. क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या मुक्त परवान्यामुळे मूळ कर्त्याचा नामनिर्देश करून, परवान्याच्या अटींनुसार सामग्री अन्यत्र वापरता येते.

प्रणाली स्वीकारण्यापूर्वीच तिच्यातून बाहेर पडण्याचा मार्ग तपासणे ही सर्वांत महत्त्वाची दक्षता होय. त्यासाठी एक छोटा नमुना-अभ्यासक्रम मानक स्वरूपात बाहेर काढून तो दुसऱ्या प्रणालीत उघडून पाहावा, प्रश्नांची उत्तरे व मराठी अक्षरे ताडून पाहावी आणि मूळ मजकूर, चित्रे व ध्वनी यांच्या सुट्या प्रती संस्थेने स्वतःजवळ ठेवाव्यात. प्रणालींचे आयुष्य बहुधा काही वर्षांचे असते. चांगला लिहिलेला पाठ मात्र त्याहून दीर्घकाळ उपयोगी पडतो. तो प्रणालीबरोबर लोपू नये, हेच सुवाह्यतेचे प्रयोजन आहे.