क्षयाच्या घरात प्रत्येकाचे ताट

क्षय झालेल्या माणसाला चांगले खायला घाला, असे सांगण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. या रोगावर औषधच नव्हते, त्या काळी मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामांत मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच मुख्य उपचार असे. पुढे औषधे निघाली आणि अन्नाची गोष्ट मागे पडली. अलीकडे आपल्याच देशात झालेल्या एका मोठ्या प्रयोगाने ती पुन्हा पुढे आणली आहे, आणि तिच्यात एक भरही घातली आहे. आजाऱ्याबरोबर त्याच्या घरातल्या सर्वांना पुरेसे अन्न मिळाले, तर त्या घरात दुसरा माणूस आजारी पडण्याचा संभव बराच कमी होतो. हा प्रयोग काय होता, त्यातून काय दिसले आणि आपण काय करावे, हे या वेळी सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम रोगाविषयी दोन शब्द. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. फुप्फुसाचा क्षय असलेला माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो, तेव्हा ते बाहेर पडतात व जवळच्यांच्या श्वासाबरोबर आत जातात. पण जंतू आत गेला म्हणजे रोग झालाच, असे नाही. जंतू शिरलेल्या शंभर माणसांपैकी सुमारे पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष क्षय होतो. बाकीच्यांच्या शरीरातल्या संरक्षक पेशी जंतूला घेरून कोंडून ठेवतात. हा पहारा ढिला पडला की कोंडलेला जंतू डोके वर काढतो. मधुमेह, एच. आय. व्ही.ची बाधा, तंबाखू आणि दारू यांनी पहारा ढिला होतो. तसाच तो अर्धपोटी राहण्याने होतो. आणि आपल्या देशात हे कारण सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक आहे. प्रथिनांची व उष्मांकांची तूट दीर्घकाळ राहिली, की शरीर नव्या संरक्षक पेशी पुरेशा घडवू शकत नाही.

याचा एक पुरावा दुसऱ्या महायुद्धातला आहे. जर्मनांच्या एका छावणीत ब्रिटिश आणि रशियन युद्धकैदी सारख्याच परिस्थितीत राहत व सारखेच काम करीत. ब्रिटिशांना मात्र छावणीच्या अन्नावर रेडक्रॉसच्या पेट्या मिळत. त्यातून दररोज सुमारे एक हजार कॅलरी आणि तीस ग्रॅम प्रथिने जास्तीची पोटात जात. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे रशियन कैद्यांत क्षयाचे प्रमाण १५ ते १९ टक्के, तर ब्रिटिशांत सव्वा टक्क्याच्या आसपास आढळले.

मग अन्नाची गोष्ट मागे का पडली? त्याचे उत्तर मद्रासच्या एका तितक्याच महत्त्वाच्या अभ्यासात आहे. १९५६ साली तेथे क्षयाच्या काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवण्यात आले आणि काहींना घरीच औषधे देण्यात आली. घरच्या रुग्णांचे खाणे पुष्कळच हलके होते, तरी औषध नियमित घेतल्यावर तेही जवळजवळ तितकेच बरे झाले. १९५९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगभर क्षयरोग्यांचे उपचार घरी होऊ लागले. गरिबांवर हे मोठे उपकारच झाले. परंतु त्यावरून पुष्कळांनी असाही अर्थ काढला की औषध असले म्हणजे अन्नाची फारशी काळजी करण्याचे कारण नाही. जंतू मरणे एक आणि माणूस पुन्हा उभा राहणे दुसरे, हा भेद नजरेआड झाला.

छत्तीसगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या डॉक्टरांना तो डोळ्यांपुढे दिसत होता. त्यांनी सुमारे सतराशे क्षयरोग्यांच्या नोंदी तपासून २०१३ साली प्रसिद्ध केल्या. त्यांत पुरुषांचे मध्यम वजन ४२ किलो व बायकांचे ३४ किलो निघाले. चौतीस किलो हे अकरा-बारा वर्षांच्या मुलीचे वजन झाले. इथे ते वाढलेल्या बायांचे होते. जे फारच खंगलेले होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट होते.

झारखंडचा प्रयोग

त्या डॉक्टरांपैकी डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव हे पुढे मंगळूरच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयात आले. त्यांनी चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था व इतरांच्या साह्याने ऑगस्ट २०१९ मध्ये झारखंडच्या चार जिल्ह्यांत प्रयोग सुरू केला. फुप्फुसाच्या क्षयाचे २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे त्यात होती. त्यांत आदिवासी कुटुंबे बरीच होती. रुग्णांचे सरासरी वजन त्रेचाळीस किलोहूनही थोडे कमी होते, आणि दर पाचांतले चार उंचीच्या मानाने हडकुळे होते.

औषधोपचार सर्व रुग्णांना सरकारी नियमाप्रमाणेच मिळाला. त्याशिवाय प्रत्येक रुग्णाला सहा महिने दरमहा दहा किलो शिधा दिला: पाच किलो तांदूळ, तीन किलो भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ (तिकडे त्याला सत्तू म्हणतात), दीड किलो दूध-पावडर आणि अर्धा लिटर तेल, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. यातून दररोज सुमारे १,२०० कॅलरी व ५२ ग्रॅम प्रथिने मिळत. ज्यांचा क्षय साध्या औषधांना दाद देत नव्हता, त्यांना हा शिधा बारा महिने मिळाला.

घरच्या माणसांच्या बाबतीत दोन गट केले. कोणत्या भागातली कुटुंबे कोणत्या गटात, हे सोडतीने ठरले, म्हणजे निवडीत कोणाची मर्जी चालू नये. एका गटात घरच्या प्रत्येक माणसाला दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. दिवसाला हिशेब केला तर हे सुमारे ७५० कॅलरी व २३ ग्रॅम प्रथिने होतात. दुसऱ्या गटातल्या घरच्यांना नेहमीचेच जेवण राहिले. जुलै २०२२ पर्यंत, मधल्या कोविडच्या अडचणींतूनही, या सर्वांवर लक्ष ठेवण्यात आले.

या काळात एकूण २१८ नातलगांना नव्याने क्षय झाला. शिधा न मिळालेल्या ४,७२४ माणसांत असे १२२ निघाले. शिधा मिळालेल्या ५,६२१ माणसांत ९६. माणसे किती काळ नजरेखाली होती वगैरे गोष्टी जमेस धरून हिशेब केला, तेव्हा शिधा मिळालेल्या गटात क्षय ३९ टक्क्यांनी कमी ठरला. फुप्फुसाचा, तपासणीत जंतू सापडलेला, म्हणजे पुढे दुसऱ्यांना देणारा क्षय तर ४८ टक्क्यांनी कमी होता. साधारण तीस घरांना शिधा पुरविला म्हणजे एक माणूस क्षयापासून वाचतो, असे हे गणित आहे. तेही तांदूळ आणि डाळीवर. कोणतेही महागडे टॉनिक त्यात नव्हते.

रुग्णांविषयीचे निष्कर्षही तितकेच मोलाचे आहेत. सहा महिन्यांत त्यांचे वजन सरासरी साडेचार किलोंवर वाढले आणि शंभरांतले सुमारे ९४ उपचार यशस्वीपणे पुरे करू शकले. पहिल्या दोन महिन्यांतले वजन फार महत्त्वाचे ठरले. त्या काळात वजन पाच टक्के वाढले, तर मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे अवघे दोन किलो. हे सर्व ऑगस्ट २०२३ मध्ये लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात व त्याच्या जोडपत्रात प्रसिद्ध झाले.

या निष्कर्षांना मर्यादाही आहेत, त्या वाचकांनी ध्यानात घ्याव्यात. शिधा कोणाला मिळतो हे उघड होते, ते लपविणे शक्यच नव्हते. घरच्यांच्या अंगात आधीच जंतू होता की नाही, याची तपासणी आरंभी केलेली नव्हती. रुग्णांच्या बाबतीत तर शिधा न मिळालेला गटच नव्हता. तेव्हा ज्याचे वजन भरभर वाढले तो मुळातच कमी आजारी असेल, अशीही शंका घेता येते. शिवाय ही माणसे अतिशय गरीब व कृश होती. ज्याच्या घरी आधीच पोटभर व चौरस जेवण आहे, त्याला अधिक खाऊन इतका लाभ होईल असे नव्हे. आणि सर्वांत मुख्य गोष्ट म्हणजे कोणालाही औषधाऐवजी अन्न दिलेले नव्हते. औषध सोडून अंडी-दुधावर क्षय बरा करू पाहणारा आपला जीव धोक्यात घालतो आणि घरच्यांचाही.

आपण काय करावे

घरोघर आजाऱ्यांना भेटावयास जाताना आम्ही दोन गोष्टी पाहतो. एक म्हणजे क्षयाच्या आजाऱ्याचे ताट-वाटी वेगळी करून त्याला कोपऱ्यात बसवितात. याची गरज नाही. हा रोग ताटातून पसरत नाही, हवेतून पसरतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, खोकताना तोंडावर फडके धरावे, थुंकी झाकणाच्या डब्यात टाकावी. योग्य औषध नियमित चालू झाले की काही आठवड्यांत दुसऱ्यांना लागण होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. दुसरी गोष्ट अधिक वाईट. आजाऱ्याला अंडे द्यावे म्हणून घरची बाई स्वतःच्या ताटातले कमी करते. ती आधीच सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवणारी. रात्री उशाशी बसणारीही तीच. जंतू तिच्या श्वासात सर्वांत जास्त जातो आणि ताटात अन्न सर्वांत कमी असते. झारखंडचा प्रयोग तिच्यासाठीच झाला असे म्हटले तरी चालेल. क्षयाच्या घरात तिचे ताट आजाऱ्याच्या ताटाबरोबरच वाढावे.

घरातल्या प्रत्येकाचे वजन करून लिहून ठेवावे. ढोबळ मानाने पाच फूट उंचीच्या माणसाचे वजन ४३ किलोहून आणि साडेपाच फूट उंचीच्या माणसाचे ५२ किलोहून कमी असेल, तर तो कृश समजावा. आजाऱ्याचे वजन दर पंधरवड्याला पाहावे. औषध चालू असूनही दोन महिन्यांत ते वाढले नाही, तर डॉक्टरांना मुद्दाम सांगावे. मधुमेह किंवा दुसरे काही कारण असू शकते. वजन वाढले, खोकला थांबला म्हणून गोळ्या मात्र मध्येच सोडू नयेत. साध्या क्षयाचा उपचारही सहा महिन्यांचा आहे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आहार डॉक्टरांना विचारून ठरवावा. उपवासकाळ आला तरी आजाऱ्याने उपास धरू नये. ख्रिस्तसभेने आजाऱ्यांना त्यातून मोकळीक दिलेली आहे.

घरात एकाला क्षय निघाला, की बाकी सर्वांनी आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. दोन आठवड्यांवर खोकला, बारीक ताप, रात्री घाम, घटते वजन यांपैकी काही असेल तर थांबूच नये. गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावर थुंकीची तपासणी आता एक-दोन तासांत होऊ शकते. रोग नसल्याची खात्री झाल्यावर घरच्यांना प्रतिबंधक गोळ्या देण्याचीही सोय आहे. त्या गोळ्या आणि पोटभर जेवण, दोन्ही हवीत.

शेतकरी वाचकांना एक वेगळे सांगणे आहे. रेशनच्या तांदळाने पोट भरते, पण डाळीची तूट राहते. आपल्याकडे तूर, हरभरा, मूग, हुलगे, भुईमूग पिकतात. नाचणी व ज्वारी आहे. परड्यात शेवगा आणि चार कोंबड्या असतात. परंतु दूध सगळे डेअरीला, अंडी सगळी बाजाराला आणि डाळ सगळी व्यापाऱ्याला, असे झाले तर पिकविणाऱ्याच्या घरीच तूट पडते. झारखंडच्या शिध्यात माणशी दिवसाला फक्त पन्नास ग्रॅम डाळ होती. पाच माणसांच्या घराला वर्षाची ही डाळ एक क्विंटलही होत नाही. विकण्याआधी तेवढी कणगीत बाजूला काढावी.

सरकारनेही पाऊल उचलले आहे. एप्रिल २०१८ पासून क्षयरोग्याला आहारासाठी दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले. ते थेट बँकेच्या खात्यात येतात, तेव्हा खात्याची माहिती केंद्रात नोंदविली आहे ना, हे पाहावे. निक्षय मित्र या योजनेत कोणीही व्यक्ती किंवा संस्था रुग्णाच्या शिध्याचा भार उचलू शकते, आणि २०२४ पासून त्यात घरच्या माणसांचाही समावेश झाला आहे. आपल्या धर्मग्रामांतील मंडळांनी अशा एकेका कुटुंबाचा सहा महिन्यांचा तांदूळ व डाळ पत्करली, तर ते काम आवाक्यातले आहे. शिधा देताना घरात माणसे किती, हे आधी विचारावे आणि तेवढ्या ताटांचा द्यावा.